वजन हरवलं की नजर का डळमळते?

अंतराळवीर शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकातून परतल्यापासून अंतराळाबद्दलची पत्रं येतच आहेत, म्हणून हा सगळा भाग त्यांच्यासाठी ठेवला आहे. मी कान-नाक-घशाची डॉक्टर. डोळ्यांच्या प्रश्नांना कानाची डॉक्टर का उत्तर देते, ते पहिल्याच उत्तरात कळेल.

प्रश्न : शुभांशु शुक्ला यांनी अवकाश स्थानकात डोळ्यांच्या हालचालींवरही प्रयोग केले, असं मी वर्गात वाचून दाखवलं. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "वजन नसलं की माणूस तरंगतो, पण डोळे तर खोबणीतच असतात. त्यांना काय होणार?" मला उत्तर देता आलं नाही. (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, उदगीर)

उत्तर : गुरुजी, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे.

उत्तर सांगण्याआधी वर्गात एक गोष्ट करून बघा. प्रत्येकानं पुस्तक हातभर अंतरावर धरायचं, मान स्थिर ठेवायची आणि पुस्तक डावीकडे-उजवीकडे जोरात हलवायचं. अक्षरं फिसकटतात, एक ओळसुद्धा वाचता येत नाही. आता पुस्तक स्थिर ठेवायचं आणि "नाही, नाही" म्हणताना हलवतो तशी मान तेवढ्याच वेगानं हलवायची. ओळ सरळ वाचता येते. दोन्ही वेळा हालचाल सारखीच होती, मग फरक कशाचा?

फरक कानाचा. कानाच्या आत खोल, हाडाच्या पोकळीत तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं. मान डावीकडे वळली की त्याला लगेच समजतं आणि ते डोळ्यांच्या स्नायूंना निरोप देतं : तेवढंच उजवीकडे वळा. कानापासून डोळ्यापर्यंतच्या या वाटेत मज्जापेशींचे जेमतेम तीन टप्पे आहेत. निरोप साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात पोचतो. पुस्तक हलतं तेव्हा मात्र डोळ्यांना आधी बघावं लागतं, मेंदूला ठरवावं लागतं आणि मग डोळे मागे धावतात. त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे दहापट उशीर. तेवढ्यात अक्षर निसटतं.

ही यंत्रणा आपण दिवसभर वापरतो आणि ती बिघडेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही. १९५२ साली एका अमेरिकन डॉक्टरनं स्वतःचा अनुभव एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. स्ट्रेप्टोमायसिन इंजेक्शनांमुळे त्याच्या दोन्ही कानांतला तोल गेला होता. रस्त्यानं चालताना त्याला समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखता येईना, कारण प्रत्येक पावलाला सगळं जग उडी मारायचं. पलंगावर पडून वाचायचं तर डोकं पलंगाच्या दांड्यांमध्ये दाबून धरावं लागे. नाडीच्या ठोक्यानं डोकं किंचित हलतं, आणि तेवढ्यानंही अक्षरं नाचत. अंबाजोगाईला शिकत असताना हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून पुस्तकाकडे बघत बसले होते. माझ्या ओळी जागच्या जागी होत्या. मी हाच विषय धरला, त्याचं कारण ती संध्याकाळ.

आता वजनाकडे येऊ. कानातल्या या इंद्रियाचे दोन भाग आहेत. एक भाग म्हणजे द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका. त्या डोक्याचं वळणं, फिरणं ओळखतात. दुसऱ्या भागात दोन पिशव्या आहेत. त्यांच्या आत एक चिकट थर आणि थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचेच, अगदी बारीक कण बसलेले असतात. डोकं कललं की हे कण वजनानं खाली ओढले जातात, खालचे केसासारखे तंतू वाकतात आणि मेंदूला कळतं की खाली कुठे आहे. कक्षेत कणांचं वस्तुमान तेवढंच राहतं, पण ते खाली ओढले जात नाहीत. मान कलली तरी ते गप्प. डोळ्यांना रोज मिळणारा अर्धा निरोप बंद होतो.

म्हणून तिला सांगा : डोळे खोबणीतच असतात, पण त्यांना हुकूम देणाऱ्या कानातल्या वजनकाट्याची मापं नाहीशी होतात.

शुक्ला २६ जून २०२५ रोजी स्थानकावर पोचले आणि १५ जुलैला पृथ्वीवर परतले. त्यांच्या कामात संगणकाच्या पडद्याशी संबंधित प्रयोग होते. नजर एका बिंदूवर किती टिकते, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी झटकन कशी उडी घेते, पडद्यावर नेमकं बोट ठेवता येतं का, हे तपासायचं होतं. गगनयानाच्या आपल्या अंतराळवीरांनाही आकडे आणि इशारे पडद्यावरच वाचायचे आहेत, आणि तेही वजनहीनतेच्या पहिल्या काही तासांत, जेव्हा कान सर्वांत गोंधळलेला असतो. तिथे एक आकडा चुकीचा वाचला जाणं परवडणारं नाही.

प्रश्न : मी नीटची तयारी करते. अंतराळात युट्रिकल आणि सॅक्युल, म्हणजे कानातल्या त्या दोन पिशव्या, काम करत नसतील, तर सेमिसर्क्युलर कॅनल्स, म्हणजे अर्धवर्तुळाकार नलिकाही बंद पडतात का? आणि हे डोळ्यांत दिसतं कसं? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : नलिका बंद पडत नाहीत. त्यांना वजनाची गरजच नाही, आतल्या द्रवाचं जडत्व पुरतं. फुगडी आठव. फुगडी थांबली तरी घर फिरत राहतं, कारण तू थांबलीस पण नलिकेतला द्रव अजून थांबलेला नसतो. अंतराळात फुगडी घातली तरी हेच होईल. त्यामुळे मान आडवी, डावी-उजवी हलवताना अंतराळवीरांची नजर बहुतेक प्रयोगांत पृथ्वीवरच्यासारखीच टिकलेली दिसते. गडबड होते ती मान खांद्याकडे कलवताना, आणि पहिल्या दिवसांत काही जणांना मान वर-खाली करताना.

खांद्याकडे कलण्याचं तू स्वतः बघू शकतेस. मैत्रिणीला फोनवर तुझ्या डोळ्याचा जवळून फोटो काढायला सांग, मग मान खांद्याकडे साधारण ३० अंश कलवून पुन्हा काढ. बुबुळावरच्या रेषा नीट जुळवून बघितल्या तर डोळा डोक्याइतका कललेला नसतो. तो आपल्या अक्षाभोवती उलट्या दिशेनं ३ ते ६ अंश फिरलेला असतो. जमिनीशी थोडं तरी समांतर राहावं, यासाठीची ही त्याची धडपड. मान कलती ठेवलीस तोवर डोळा तसाच फिरलेला राहतो, कारण चुनखडीचे कण तोवर खाली ओढ घेत असतात. अंतराळात हे टिकून फिरणं नाहीसं होतं. कानाचा हा भाग गप्प असल्याचा याहून उघड पुरावा नाही, आणि तो बाहेरून, डोळ्यात दिसतो.

१९९८ च्या एप्रिलमध्ये कोलंबिया यान न्यूरोलॅब नावाची प्रयोगशाळा घेऊन सोळा दिवस फिरलं. सगळे प्रयोग मज्जासंस्थेवरचे होते. त्यात चार अंतराळवीरांना गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवून बाजूनं पृथ्वीइतकी किंवा तिच्या निम्मी ओढ दिली गेली. खुर्ची फिरताना त्यांचे डोळे पुन्हा उलटे फिरू लागले. म्हणजे कण आणि तंतू शाबूत होते, फक्त ओढणारं कोणी नव्हतं. आणि परतल्यावर या चौघांची ही क्रिया उणावलेली नव्हती, जशी आधीच्या काही मोहिमांतल्या लोकांची उणावली होती. मोजके दिवस, थोडा वेळ खोटं वजन दिल्यानं कान विसरला नाही, असं दिसतं. चारच माणसं आहेत, त्यामुळे मी याला सिद्धान्त म्हणणार नाही. पण मंगळाच्या लांबच्या प्रवासाचा विचार करणाऱ्यांना हा प्रयोग अजून खुणावतो.

तुझ्या अभ्यासात नसलेली एक गोष्ट सांगते, कारण मला ती फार आवडते. रॉबर्ट बारानी हे व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर. रुग्णाचा कान गार पाण्यानं धुतला की त्याला चक्कर येते आणि डोळे एका बाजूला झटके देतात, गरम पाण्यानं धुतला की उलट बाजूला, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी अर्थ लावला : तापलेला द्रव हलका होऊन वर चढतो, गार झालेला खाली उतरतो, म्हणून नलिकेत प्रवाह सुरू होतो. बंबातलं पाणी तापतं तसंच. १९१४ चं नोबेल त्यांना मिळालं. आजही आम्ही ३० आणि ४४ अंशांचं पाणी वापरून ही तपासणी करतो. आता विचार कर. वजनच नाही तिथे गरम द्रव वर चढणार कसा? म्हणजे अंतराळात ही चक्कर यायलाच नको. १९८३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्पेसलॅब-१ मोहिमेत कान तापवून पाहिला, आणि डोळ्यांनी झटके दिले! सत्तर वर्षं पुस्तकांत असलेलं स्पष्टीकरण अपुरं ठरलं. उष्णतेनं द्रव प्रसरण पावतो, मज्जातंतूवरही थेट परिणाम होत असावा, अशी कारणं पुढे आली. पृथ्वीवर बारानींचा प्रवाह मोठा वाटा उचलतो, पण तो एकटा नाही. नीटच्या पेपरात एकच पर्याय बरोबर असतो. शरीरात मात्र दोन-तीन कारणं एकत्र नांदतात.

प्रश्न : कन्नडचा घाट उतरताना मला गाडी लागते, दरवेळी उलटी होते. घरचे म्हणतात, मनाची कमजोरी आहे. अंतराळवीरांनाही असं होतं का? (गृहिणी, कन्नड)

उत्तर : ताई, होतं. आणि ते तर लढाऊ विमानं चालवलेले, तावून-सुलाखून निवडलेले लोक असतात. ऑगस्ट १९६१ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर घेरमान तितोव्ह यांनी एक दिवसाहून जास्त काळ पृथ्वीभोवती फेऱ्या मारल्या. वय अवघं पंचवीस. अंतराळात मळमळ आणि उलटी अनुभवणारे ते पहिले माणूस. कक्षेत पोचल्या-पोचल्या त्यांना आपण उलटे टांगलेले आहोत असं वाटलं होतं. आज दर दहापैकी सहा ते आठ अंतराळवीरांना पहिल्या दोन-तीन दिवसांत हा त्रास होतो. तेव्हा मनाची कमजोरी हा शब्द घरात पुन्हा कोणी काढला, तर तितोव्ह यांचं नाव सांगा.

कारण तुमच्या घाटातलंच आहे. बसमध्ये डोळ्यांना समोरच्या सीटची पाठ दिसते, ती हलत नाही. कान सांगतो, आपण वळतोय, खाली चाललोय. अंतराळात याच्या उलट : डोळ्यांना मान कललेली दिसते, पण कानातले कण काहीच बोलत नाहीत. दोन साक्षीदार वेगवेगळं सांगू लागले की मेंदू गोंधळतो आणि पोट बिघडतं. नेमकी मळमळच का होते, यावर अजून एकमत नाही.

राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये गेले तेव्हा त्यांनी तिथे योगासनं केली होती. या त्रासावर योगाचा उपयोग होतो का, हेही त्यात पाहायचं होतं. तुम्ही एवढं करा : पुढच्या भागात, खिडकीशी बसा, लांबच्या डोंगराकडे बघा, डोकं सीटला टेकवून ठेवा, मोबाइल पर्समध्ये राहू द्या. डोळ्यांना आणि कानाला एकच गोष्ट कळू लागली की भांडण कमी होतं. रिकाम्या पोटी बसू नका आणि तुडुंब खाऊनही नको. गोळी घ्यायची तर निघण्याआधी घ्यावी लागते, घाटात घेतलेली उपयोगी पडत नाही. कोणती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : माळेगावच्या यात्रेत रहाटपाळण्यात डोळे मिटले की वर जातोय की खाली ते कळतं. अंतराळात डोळे मिटले तर कळेल का? (इयत्ता सहावी, लोहा)

उत्तर : बाळा, नाही कळणार. पाळण्यात तुझ्या कानातले कण वर-खाली ओढ घेतात, म्हणून मिटल्या डोळ्यांनीही कळतं. अंतराळात वर आणि खाली असं काही उरतच नाही. तिथे लोक डोळ्यांनी ठरवतात : दिव्यांची बाजू ती वर, किंवा आपले पाय असतील ते खाली. समोरून मित्र उलटा तरंगत आला तर क्षणभर आपणच उलटे आहोत असं वाटू शकतं. तुझ्यासाठी आणखी एक : १९७० मध्ये अमेरिकेनं फक्त या कणांचा अभ्यास करायला दोन बेडूक अंतराळात पाठवले होते. पहिले काही दिवस त्यांच्या कानातले संकेत गोंधळलेले होते, मग ते पुन्हा पहिल्यासारखे होत गेले.

प्रश्न : सुनीता विल्यम्स यांना उतरल्यावर स्ट्रेचरवरून नेलं. त्या आजारी होत्या का? (सेवानिवृत्त कर्मचारी, जालना)

उत्तर : लांबच्या मोहिमेवरून आलेल्या जवळजवळ सगळ्यांनाच खुर्चीतून किंवा स्ट्रेचरवरून नेतात, तो शिरस्ता आहे. सुनीताताई २८६ दिवस राहून मार्च २०२५ मध्ये परतल्या. एवढ्या दिवसांत मेंदूनं कणांचं ऐकणं सोडलेलं असतं. उतरताच ते कण पुन्हा जोरात बोलू लागतात. मान थोडी कलवली तर आपण बाजूला घसरत चाललो असं काहींना वाटतं. चालताना अक्षरं वाचायला दिली तर उभं असताना वाचता येणारी ओळ वाचता येत नाही, कारण पावलागणिक बसणारा हिसका नजर पुरता झेलू शकत नाही. हलत्या वस्तूमागे नजर अलगद सरकायला हवी, तिथे ती लहान-लहान उड्या घेत जाते, हे रशियन संशोधकांनी वर्षानुवर्षं नोंदवलं आहे. म्हणून परतलेल्यांना लगेच गाडी चालवू देत नाहीत. छोट्या मोहिमेनंतर काही दिवसांत, सहा-सहा महिन्यांनंतर काही आठवड्यांत बहुतेक गोष्टी जागेवर येतात.

शुक्लांनी परतल्यावरची एक गोष्ट सांगितली आहे. पलंगावर काम करून झाल्यावर त्यांनी लॅपटॉप बाजूला हवेत सोडून दिला, तरंगेल म्हणून. तो पडला. वीस दिवसांत हातानं नवी सवय धरली होती. डोळे आणि कान याच घाईनं नवं शिकतात, आणि परतल्यावर तेवढंच त्यांना पुन्हा शिकावं लागतं.

प्रश्न : अंतराळात चष्म्याचा नंबर बदलतो म्हणतात, खरं का? (दुकानदार, हिंगोली)

उत्तर : खरं आहे, पण ते हालचालींपेक्षा वेगळं दुखणं. वजन नसल्यानं शरीरातले द्रव डोक्याकडे सरकतात. लांबच्या मोहिमांत काहींच्या डोळ्याचा मागचा भाग थोडा चपटा होतो, दृष्टीच्या मज्जातंतूच्या मुळाशी सूज येते, जवळचं अंधुक दिसू लागतं. २०११ मध्ये सात अंतराळवीरांच्या तपासण्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा हे जगापुढे आलं. आता ते जास्तीच्या नंबरचे चष्मे बरोबर नेतात.

प्रश्न : आईचं वय ६२. रात्री कूस बदलली की घर गरगर फिरायलंय म्हणते, अर्ध्या मिनिटात थांबतं. कुणी बीपी सांगितलं, कुणी मानेचे मणके, कुणी अशक्तपणा. चार वेळा सलाईन लावलं. सहा महिन्यांपासून चक्करच्या गोळ्या चालू आहेत. तुम्ही अंतराळवीरांच्या चक्करबद्दल बोलता, तर हेही विचारतो. (शेतकरी, गंगाखेड)

उत्तर : दादा, बरं झालं विचारलंत. या सगळ्या पत्रांत मला सर्वांत जवळचं वाटलं ते हेच.

तुम्ही लिहिलेलं वर्णन ज्या आजाराचं वाटतं, त्यात तेच चुनखडीचे कण पिशवीतून निखळून एखाद्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नलिकेत. कूस बदलली, वर माळ्याकडे पाहिलं, वाकून उठलं की ते वजनानं घरंगळतात आणि नलिकेतला द्रव हलवतात. डोकं थांबलेलं असतं, पण कान सांगतो, फिरतोय. डोळे त्याचं ऐकतात आणि झटके देऊ लागतात, म्हणून घर फिरतं. कण खाली बसले की थांबतं. अंतराळवीराचा त्रास कणांना ओढ नसल्यानं होतो, तुमच्या आईंचा ते भलत्या जागी ओढले जात असल्यानं.

पन्नाशीपुढच्या बायकांत हे फार आढळतं. हाडं ठिसूळ झालेली असली, 'ड' जीवनसत्त्व कमी असलं, डोक्याला मार लागला किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहावं लागलं, तर शक्यता वाढते. सलाईननं कण जागेवर जात नाहीत, गोळ्यांनीही नाही. रुग्णाला बसवून, मान वळवून, झटकन आडवं करायचं आणि डोळे कोणत्या दिशेला झटके देतात ते बघायचं, एवढ्यानं निदान होतं. मग डोकं ठरावीक क्रमानं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वळवत नेलं की कण नलिकेतून घसरत मूळ पिशवीत परततात. याला एप्ली पद्धत म्हणतात. दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि बहुतेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो. घरी व्हिडिओ बघून करू नका. कोणता कान आणि कोणती नलिका हे आधी कळायला हवं, आणि मणक्याचा खरंच त्रास असेल तर सांभाळून करावं लागतं.

सहा महिने चालू असलेल्या गोळ्यांबद्दल मला काळजी वाटते. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारखी औषधं पहिल्या काही दिवसांच्या जोरदार चक्करसाठी ठीक आहेत. महिनोन्‌महिने घेतली तर उतारवयात हात थरथरणं, चाल मंदावणं असे कंपवातासारखे त्रास होऊ शकतात. शिवाय ती कानाचा आवाज दाबून टाकतात, आणि ज्या मेंदूला ऐकूच येत नाही तो नव्यानं जुळवून घेणार कसा? अंतराळवीराला परतल्यावर झोपवून ठेवत नाहीत. त्याला चालवतात, तोलाचे व्यायाम देतात. आपल्याकडे चक्कर आली की मान हलवू नको, पडून राहा असं प्रेमानं सांगितलं जातं. त्यानं बरं होणं लांबतं. गोळ्या स्वतःहून अचानक बंद करू नका, पण त्या अजून का चालू आहेत हे डॉक्टरांना जरूर विचारा.

एक मात्र ध्यानात ठेवा. चक्करबरोबर बोलणं अडखळलं, एक हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, किंवा उभंच राहता येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा एक मिनिटही न थांबता मोठ्या दवाखान्यात न्या.

कानाच्या डॉक्टरकडे जाण्याआधी एक काम करा. अवकाश स्थानकावर डोळ्यांच्या हालचाली टिपायला कॅमेऱ्याचे खास गॉगल वापरले गेले, त्यातूनच पुढे डोळ्यांच्या लेझर शस्त्रक्रियेसाठी नजरेचा माग ठेवणारं तंत्र मिळालं. तुमच्याकडे फोन आहे. आज रात्री आईंना चक्कर आली की खोलीतला दिवा लावा, त्यांना डोळे उघडे ठेवायला सांगा. त्या घाबरून मिटतील, तेव्हा धीर द्या. फोन वीतभर अंतरावर आडवा धरून, दोन्ही डोळे दिसतील असा मिनिटभर व्हिडिओ घ्या, आणि त्या डाव्या कुशीवर वळल्या होत्या की उजव्या, ते त्यातच बोलून ठेवा.